रेल्वेत ठेकेदाराकडे लागलं तर पुढे पर्मनंट करतात का? भावासाठी विचारतोय

नॅरोगेज_कुर्डुवाडी

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ आयटीआय फिटर, वय २३. ग्रुप डी चा तो ३२,४३८ जागांचा फॉर्म भरलाय, एएलपीचा (असिस्टंट लोको पायलट) पण भरला होता पण पहिल्याच पेपरात गचकला. सध्या एका वेल्डिंगच्या शॉपवर जातो पण घरात त्याला 'बसून आहे' असंच म्हणतात, तुम्हाला माहितीये.

आता आमच्या गावातलाच एकजण एका ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे, रेल्वेच्या एका कोचिंग डेपोत (प्रवासी डब्यांचा डेपो) डबे धुवायचं आणि किरकोळ फिटिंगचं कॉन्ट्रॅक्ट आहे त्यांचं. तो म्हणतोय पोराला आत्ता लावा, दोन-तीन वर्षांत रेल्वे आत घेते, साहेबांशी बोलणं आहे, फक्त ६० हजार डिपॉझिट द्यावं लागेल. पगार वीस हजार सांगतोय.

वडील वर्कशॉपमधून रिटायर झालेत, ते या गोष्टीवर एकदम ठाम. त्यांचं एकच, पाय टाक आत, एकदा रेल्वेच्या हद्दीत घुसलेला माणूस बाहेर येत नाही. ते स्वतः रोजंदारीवर लागून कायम झालेले, त्यांच्याबरोबरचे कितीतरी जण तसेच. त्यामुळे त्यांना मी काय सांगू. मला हे पटेना पण पटत नाही म्हणजे नेमकं काय चुकतंय ते मला सांगता पण येईना, मी स्वतः बँकेत आहे मला रेल्वेतलं काही कळत नाही. आजकाल रेल्वेत सगळंच आउटसोर्स व्हायला लागलंय असं ऐकतो, मग पर्मनंट नोकऱ्या राहणार तरी आहेत का? कोणी आतलं असेल तर सांगा प्लीज.

चहागरम

६० हजार मागितले तिथंच उत्तर मिळालं की राव. डबे धुवायला डिपॉझिट कसलं?? देऊ नका एक रुपया पण.

रिटायर्ड_पीडब्ल्यूआय

मी मध्य रेल्वेत पी-वे ला (रुळांच्या देखभालीला) होतो, सीनियर सेक्शन इंजिनिअर म्हणून बाहेर पडलो. जरा सविस्तर लिहितो कारण हा प्रश्न मला आमच्या कॉलनीत पण दर महिन्याला कोणीतरी विचारतं.

तुमच्या वडिलांचं खोटं नाही. पण त्यांच्या वेळचा रोजंदार आणि आत्ताचा ठेक्यावरचा पोरगा ही दोन वेगळी माणसं आहेत. तेव्हा 'कॅज्युअल लेबर' म्हणजे खुद्द रेल्वेचा रोजंदार. मस्टर रेल्वेचं, हजेरी रेल्वेची, पगार रेल्वेचा, आणि त्याच्याकडे कार्ड असायचं त्यावर किती दिवस काम केलं ते आमच्या सहीनिशी लिहिलेलं. लोक ते कार्ड प्लास्टिकमध्ये गुंडाळून ट्रंकेत ठेवायचे, पूर आला तर आधी कार्ड. ओपन लाइनवर (गाड्या चालू असलेल्या लाइनवर) सलग १२० दिवस भरले की टेम्पररी स्टेटस, मग पास, पुढे स्क्रीनिंग, आणि जागा निघाल्या की रेग्युलर. नवीन लाइन, डबलिंग अशा प्रोजेक्टवरच्या लोकांना हे मिळत नव्हतं, त्यांच्यासाठी १९८५ ला सुप्रीम कोर्टाचा इंदरपाल यादव केसमधला निकाल आला, ३६० दिवस भरलेल्यांसाठी स्कीम झाली. आमच्या पिढीतले किती गँगमन, खलाशी, वर्कशॉपवाले या दारातून आत आले याची गणतीच नाही. तुमचे वडील त्यातलेच असणार.

ते दार आता नाही. ठेकेदाराच्या माणसाचं मस्टर ठेकेदाराकडे, मालक ठेकेदार. रेल्वे फक्त 'प्रिन्सिपल एम्प्लॉयर', म्हणजे ठेकेदाराने पगार बुडवला तर रेल्वेवर जबाबदारी येते, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि नवीन लेबर कोडमध्ये पण ठेवलंय. पण कायम करण्याची जबाबदारी नाही. २००१ ला स्टील अथॉरिटीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगून टाकलं, ठेका पद्धतीवर बंदी आली तरी ठेक्यातले कामगार आपोआप कायम होत नाहीत. त्याआधी १९९६ ला एअर इंडियाच्या केसमध्ये उलटा निकाल होता, तो फिरवला. ठेका नुसता दिखाव्याचा होता, खरा मालक दुसराच होता हे सिद्ध केलं तर गोष्ट वेगळी, पण त्यात उमेदीची वर्षं कोर्टात जातात. तेव्हा 'साहेबांशी बोलणं आहे' म्हणणाऱ्याला विचारा, कोणत्या साहेबाला कोणत्या नियमाखाली ठेक्यातला माणूस ग्रुप डी मध्ये घेता येतो? डीआरएमला (विभागाच्या मुख्य साहेबाला) पण येत नाही. भरती आरआरबी, आरआरसी या रेल्वेच्या भरती मंडळांच्या परीक्षेतूनच.

नॅरोगेज_कुर्डुवाडी

काका तुमचं एकदम बरोबर निघालं, आत्ताच विचारलं, वडिलांकडे ते कार्ड अजून आहे. ते ८३ ला लागलेले. आणि इथली जुनी माणसं तर बार्शी लाइटच्या काळापासून हेच बघत आलीत, बाप वर्कशॉपात तर पोरगा वर्कशॉपात.

लिनन_वाला

मी केलंय हे. साफसफाई नाही, एसी कोच अटेंडंट, चादर-उशी वाटायचं. नागपूर साइडला, कोणता ठेका ते लिहित नाही. सांगतो कसं असतं.

मुंबईहून हावडा, परत मुंबई, एका ट्रिपला चार रात्री. झोपायला जागा म्हणजे डब्याच्या दाराजवळ लिननचं कपाट असतं त्याच्या खालची नाहीतर टॉयलेटच्या शेजारची. ट्रिप संपली की यार्डात मोजणी. नॅपकिन कमी, टॉवेल कमी, अभ्रे कमी. पॅसेंजर बॅगेत टाकून नेतो आणि पैसे आमच्या पगारातून जातात. मी उतरायच्या आधी एक तास प्रत्येक बर्थवर जाऊन टॉवेल मागायचो, लोक असे बघायचे जसं मी त्यांना चोर म्हणतोय. एका काकूंनी तक्रार पण टाकली ॲपवर, 'अटेंडंट उद्धट'. त्याचा दंड परत ठेकेदाराला आणि ठेकेदाराकडून मला.

पगार बँकेत पूर्ण यायचा, अगदी सरकारी रेटने, स्लिप पण मिळायची. आणि दोन दिवसांनी सुपरवायझर यायचा, अडीच-तीन हजार रोख परत द्या. नाही दिले तर पुढच्या ट्रिपला नाव नाही. काही जणांचं एटीएम कार्डच त्याच्याकडे असायचं. त्यामुळे कागदावर सगळं ओके, कोण तपासणार.

आणखी एक. दोन वर्षांनी ठेका बदलला, नवीन कंपनी आली, आम्ही तेच, डबे तेच, टोपीवरचं नाव फक्त वेगळं. पण सर्व्हिस शून्यापासून. ग्रॅच्युइटीला एका मालकाकडे पाच वर्षं लागतात, ती कधी होणारच नाहीत. आता मी एका वेअरहाउसला आहे, तिथं पण ठेकाच आहे पण निदान रात्री घरी झोपतो.

साइट_मॅनेजर_के

मी दुसऱ्या बाजूचा, हाउसकीपिंगच्या लाइनमधला, रेल्वेची कामं पण बघितलीत. सगळे ठेकेदार चोर ही टेप ऐकून कंटाळा आलाय म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट, २० वर्षांपूर्वीचे डबे आठवा. लांब पल्ल्याच्या गाडीत दुसऱ्या दिवशी सकाळी टॉयलेटला जायची हिंमत व्हायची का? आता चालत्या गाडीत ओबीएचएसचा (गाडीतल्या साफसफाईचा) माणूस असतो, वाटेतल्या ठराविक स्टेशनवर क्लीन ट्रेन स्टेशनवाले चढून दहा-पंधरा मिनिटांत डबा मारून घेतात, डेपोत हाय प्रेशर जेट, मशीन, केमिकल, सगळं ठेक्यातून आलं. रेल्वेचा पर्मनंट सफाईवाला हे करत नव्हता अशातला भाग नाही, पण रिटायर झालेल्याच्या जागी माणूस द्यायचाच नाही असं ठरल्यावर करणार कोण? आणि ठरवलं कोणी, ठेकेदाराने नाही. २०१५ च्या बिबेक देबरॉय कमिटीने तर लिहूनच दिलं की रेल्वेने गाड्या चालवायच्या, बाकीच्या गोष्टींतून लक्ष काढायचं, शाळा, हॉस्पिटल, केटरिंग वगैरे.

दुसरी, पैशाचं. पगार सात तारखेला द्यायचाच, आणि आमचं बिल येतं तीन-चार महिन्यांनी. त्यात पेनल्टी, पॅसेंजर फीडबॅक कमी आला तर कट, माणूस कमी भरला तर कट. टेंडरला एल-१ (सगळ्यात कमी रेटवाला) होण्यासाठी कोणीतरी इतका खाली रेट टाकतो की किमान वेतन, पीएफ, ईएसआय धरून तो हिशोब बसूच शकत नाही. मग तो कुठून काढणार? लिनन_वाल्याने लिहिलंय तिथून. होतं, मी नाही म्हणत नाही. पण तो रेट मंजूर करणाऱ्यालाही गणित येतं ना? २० माणसांचा किमान पगारच अमुक होतो हे त्याला दिसत नाही का?

आता भावाबद्दल. केंद्राचं किमान वेतन ऑक्टोबर २०२४ पासून ए एरियात (मोठी शहरं) साफसफाई, हमाली वगैरेच्या अनस्किल्ड कामाला ७८३ रुपये रोज होतं, म्हणजे २६ दिवसांचे २०,३५८, आणि दर सहा महिन्यांनी महागाईप्रमाणे थोडं वाढतं. त्यात पीएफ कापून हातात अठराच्या आसपास. म्हणजे 'वीस हजार' म्हणजे तो अनस्किल्डचा रेट सांगतोय. भाऊ आयटीआय फिटर असून फिटिंगचं काम करणार असेल तर स्किल्डचा रेट लागतो, तो तेव्हा ९५४ होता. हे विचारा त्याला. आणि यूएएन नंबर (पीएफचा कायमचा नंबर) पहिल्या महिन्यातच मागायचा, पीएफ भरला का ते दर महिन्याला पासबुकात बघायचं. रेल्वेचं श्रमिक कल्याण म्हणून पोर्टल आहे २०१८ पासूनचं, ठेकेदाराला तिथं प्रत्येक कामगाराचा पगार भरावा लागतो, तिथं नाव आहे का ते बघायचं. नाव नसेल तर तुम्ही त्या यार्डात कायद्याने अस्तित्वातच नाही, उद्या डब्याखाली हात गेला तर ईएसआय पण नाही.

डिपॉझिट कोणीच घेत नाही. तो पैसा ठेकेदारापर्यंत जाणार सुद्धा नाही, सुपरवायझरच्याच खिशात राहील.

चहागरम

@साइट_मॅनेजर_के म्हणजे चोर ठेकेदार नाही, चोर टेंडर. बरंय.

साइट_मॅनेजर_के

दोन्ही असू शकतात भाऊ 😀

रिटायर्ड_पीडब्ल्यूआय

साफसफाईचं के साहेबांनी लिहिलं ते मला मान्य आहे. मला काळजी ट्रॅकची आहे.

आधी आकडे. १९९०-९१ ला रेल्वेत साडेसोळा लाख माणसं होती, आता बारा लाखांच्या आसपास. त्याच काळात माल वाहतूक ३२ कोटी टनांच्या घरातून १६० कोटी टनांवर गेली. आता यातली बरीच कपात वाजवी होती हे मी रेल्वेवाला असून सांगतो. वाफेच्या इंजिनावर फायरमन लागायचे, ते इंजिनच गेलं. लाकडी स्लीपर गेले, काँक्रीटचे आले, हाताने बीटर मारून पॅकिंग करायचो ते टॅम्पिंग मशीन करतं. लिव्हर ओढणारे केबिनमन गेले. जानेवारी २०१९ ला ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटकं संपली. पण काम खरंच कमी झालं म्हणून कमी केलेली जागा, आणि काम आहे पण ती 'सरेंडर' करून तेच काम टेंडरने करून घ्यायचं, यात फरक आहे. दरवर्षी वर्क स्टडी होते, इतक्या जागा सरेंडर करा असं टार्गेट येतं. २०२० च्या जुलैत तर बोर्डाचं पत्र आलं होतं, सेफ्टी सोडून नवीन पोस्ट बंद, रिकाम्यांपैकी निम्म्या सरेंडर करा. आणि डिसेंबर २०२२ ला नॉन-गॅझेटेड ३ लाख १२ हजार जागा रिकाम्या असल्याचं संसदेतलं उत्तर आहे. म्हणजे कागदावर मंजूर, प्रत्यक्षात माणूस नाही.

रात्रीच्या ब्लॉकला (कामासाठी लाइन बंद ठेवतात तो वेळ) या कधी. मागितला तीन तास, मिळतो दोन-सव्वादोन. बीसीएम मशीन पुढे खडी चाळत चाललंय, मागे ठेकेदाराची तीस-चाळीस माणसं पंजे-फावडी घेऊन खडी भरतायत, धूळ एवढी की शेजारचा दिसत नाही, आणि बाजूच्या लाइनवर गाड्या चालूच. माझा एक माणूस लुकआउटला, हातात हूटर. हूटर वाजला की माझा ट्रॅकमन वर न बघता आधी बाजूला सेसवर (खडीच्या कडेची मोकळी पट्टी) जातो, मग बघतो कोणती गाडी. ठेकेदाराचा पोरगा आधी मान वळवून बघतो आवाज कुठून आला. त्या वळून बघण्यातच जातो माणूस. त्याची चूक नाही, तो मागच्या महिन्यात कुठंतरी सेंट्रिंगच्या कामावर होता, पुढच्या महिन्यात गावाला जाणार, परत दुसराच येणार. मी दर ब्लॉकच्या आधी सगळ्यांना उभं करून सांगायचो, हूटर वाजला की खडीत नाही, सेसवर. निम्म्यांना हिंदी पण नीट कळायची नाही. सेफ्टीचं सर्टिफिकेट त्यांच्या सुपरवायझरला असतं, माणसांना कुठलं.

आणि की-मन रोज त्याच पाच-सहा किलोमीटरवर चालतो, त्याला कोणता जॉइंट सैल होतो, कुठे पावसाळ्यात भराव बसतो हे पाठ असतं. हे टेंडरच्या शेड्यूलमध्ये लिहिता येत नाही. अजून तरी पेट्रोलिंग, की-मन आपलेच आहेत, पण जागा भरल्या नाहीत तर उद्या त्यांचंही टेंडर निघेल अशी मला भीती आहे. फाटकांवर आधीच माजी सैनिक कंत्राटावर घेतात, आता पॉइंट्समनच्या (रुळांचे सांधे बदलणाऱ्याच्या) जागेवर पण घेतायत. माणसं शिस्तीची असतात, तक्रार नाही, पण तेही कंत्राटच.

थेम्सकाठचा_मराठी

इंग्लंडमधून लिहितोय, सिग्नलिंगमध्ये आहे. वरच्या काकांचा मुद्दा इथं प्रत्यक्ष घडून गेलाय म्हणून थोडक्यात सांगतो. ९० च्या दशकात ब्रिटिश रेल्वेचे तुकडे करून विकले, रूळ-सिग्नल रेलट्रॅक कंपनीकडे गेले आणि रेलट्रॅकने मेंटेनन्स ठेकेदारांना दिला. १७ ऑक्टोबर २००० ला हॅटफील्डला रूळ फुटून एक्सप्रेस घसरली, चार माणसं गेली. रुळाला बारीक तडे आहेत हे आधीपासून माहीत होतं, बदलायचा रूळ पण आणून ठेवलेला, पण कोणी कधी बदलायचा हे या कंपनीकडून त्या कंपनीकडे फिरत राहिलं. त्यानंतर रेलट्रॅकला कळेना की अशा तड्यांचे रूळ देशभर आणखी कुठे कुठे आहेत, कारण ती माहिती ठेकेदारांकडे पसरलेली, मग देशभर शेकडो ठिकाणी वेग कमी करून ठेवले. २००२ ला पॉटर्स बारला पॉइंटमुळे अपघात, सात गेले. मग रेलट्रॅकच्या जागी नेटवर्क रेल आली आणि २००३ ला त्यांनी ठरवलं की रोजचा मेंटेनन्स आपल्या माणसांकडे परत घ्यायचा, ठेकेदारांकडची हजारो माणसं तेव्हा इन-हाउस झाली. मोठी रिन्यूअलची कामं अजून ठेक्यावरच आहेत इथं. गाड्या चालवणाऱ्या कंपन्या पण आता एकेक करून सरकार परत घेतंय.

म्हणजे सगळंच ठेक्यावर नको असं माझं म्हणणं नाही, रोज बघायचं ते मात्र आपल्याच माणसाकडे हवं.

ॲप्रेंटिस२०१८

भावाच्या मुद्द्यावर या जरा सगळे 😅

@नॅरोगेज तुझ्या भावाने ॲक्ट ॲप्रेंटिसशिप (कायद्याखालचं शिकाऊ ट्रेनिंग) केलीय का रेल्वेत? नसेल तर ठेक्यापेक्षा तो रस्ता हजारपट बरा. मध्य रेल्वेची आरआरसी दरवर्षी जाहिरात काढते, हल्ली २४०० च्या आसपास जागा असतात, मुंबई, भुसावळ, पुणे, नागपूर, सोलापूर असे क्लस्टर. परीक्षा नाही, दहावी आणि आयटीआयच्या मार्कांवर मेरिट. एक वर्ष, स्टायपेंड ७००० च्या आसपास. पैसे कमी आहेत हे मान्य पण शेवटी जे सर्टिफिकेट मिळतं त्यावर ग्रुप डी च्या थेट भरतीत २० टक्के जागा राखीव आहेत. कोटी माणसांच्या गर्दीत न राहता छोट्या गर्दीत उभं राहायला मिळतं. लेखी मात्र द्यावीच लागते, आणि आत्ता भरलेल्या ग्रुप डी ला फिजिकल पण असतं, ३५ किलो वजन उचलून १०० मीटर २ मिनिटांत आणि १००० मीटर ४ मिनिटं १५ सेकंदात. वेल्डिंग शॉपवर जातोय म्हणजे वजनाचं टेन्शन नाही, पळायचं मात्र आत्तापासून चालू कर म्हणावं, ट्राय एकच मिळतो.

पण हे पण सांगतो, ॲप्रेंटिस केलं म्हणजे नोकरी नक्की असं अजिबात नाही. २० मार्च २०१८ ला माटुंगा-दादरच्या मध्ये रेल रोको झाला होता आठवत असेल, सकाळच्या पीकला लोकल बंद, तो याच पोरांचा होता. आम्हाला २० टक्के नको, सगळ्यांना सरळ घ्या म्हणून. मी होतो त्यात. लाठ्या मिळाल्या, लेखी आश्वासन पण मिळालं, सरळ भरती नाही मिळाली. शेवटी मी १,०३,७६९ जागांची जी २०१९ ची जाहिरात होती त्यातून लागलो. जाहिरात २०१९, परीक्षा २०२२ च्या ऑगस्टला, जॉइनिंग त्याच्या पुढं. मधली वर्षं काय काय केलं विचारू नका. आता ट्रॅक मेंटेनर आहे, बेसिक १८ हजारावर लागलो पण डीए, एचआरए धरून ठेक्यावाल्यापेक्षा खूप बरं, पास आहे, हॉस्पिटल आहे. ऊन आहे ते वेगळं.

युनियन_बघतोय

सगळं बरोबर पण युनियन काय करत होत्या इतकी वर्षं? ७४ चा संप केला त्या लोकांनी, मे महिन्यात देश थांबवलेला. आणि आता डोळ्यांसमोर खात्यामागून खातं टेंडरला जातंय तर गेटवर अर्धा तास घोषणा देऊन परत.

रिटायर्ड_पीडब्ल्यूआय

कारण सरळ आहे हो. मान्यतेसाठी जे मतदान होतं, डिसेंबर २०२४ ला झालं तसं, त्यात मत पर्मनंट माणसाला. ठेक्यातल्याला मतच नाही. त्याच्यासाठी कोण भांडेल? पर्मनंटला प्रमोशन, ट्रान्सफर, क्वार्टर, जुनी पेन्शन हे विषय. २००४ नंतर लागलेल्यांना एनपीएस (नवीन पेन्शन), त्यावरच निम्मी ताकद गेली. शिवाय खरं बोलायचं तर घाणीचं, रात्रीचं, जड काम ठेक्यात गेलं की आमच्यातल्या काही जणांना बरंच वाटलं. डब्याखाली शिरायचं काम दुसऱ्याकडे गेलं, आपण वही घेऊन सुपरविजनला.

लिनन_वाला

काका हे पहिल्यांदा रेल्वेवाल्याच्या तोंडून ऐकलं 🙏

थ्रीफेज_अजनी

एक मुद्दा राहतोय. आउटसोर्सिंगचा नवीन प्रकार साफसफाईचा नाही, इंजिन आणि गाड्यांचा आहे, आणि फिटर पोराने तिकडे बघायला हवं.

आधी काय होतं, इंजिन चित्तरंजनला बनायचं, शेड रेल्वेची, फिटर रेल्वेचा. आता इंजिन बनवणारी कंपनीच ते सांभाळायचं पण काम घेते. मधेपुऱ्याची १२,००० हॉर्सपॉवरची ८०० इंजिनं, ॲल्स्टॉमची, त्यांचा एक मेंटेनन्स डेपो सहारनपूरला आणि दुसरा आपल्या नागपूरला. दाहोदला ९,००० हॉर्सपॉवरची १,२०० इंजिनं, सीमेन्सचं कॉन्ट्रॅक्ट, ३५ वर्षं देखभाल, त्यासाठी जे चार डेपो ठरलेत त्यात पुणे आहे. लातूरच्या कारखान्यात वंदे भारत स्लीपरच्या १२० गाड्या रशियन टीएमएच आणि आरव्हीएनएलची कंपनी बनवणार, देखभाल ३५ वर्षं तेच करणार. लातूरच्या लोकांना २०१८ ला भूमिपूजन झालं तेव्हा वाटलेलं की कपूरथळ्यासारखी सरकारी कॉलनी उठेल, हजारो सरकारी जागा निघतील. तसलं काही आता होणार नाही. नोकऱ्या येतील पण त्या कंपनीच्या असतील, आणि मशीन जास्त माणसं कमी.

तरी पोराने शिकायला ही जागा चांगली आहे, थ्री-फेज, आयजीबीटी, एलएचबीची बोगी, डिस्क ब्रेक, हे काम आलं की मेट्रोत पण जाता येतं, पुणे नागपूर मुंबई तिन्हीकडे मेट्रो आहे. फक्त एक बघायचं, ऑफर लेटरवर नाव कोणाचं आहे. खुद्द कंपनीचं का कुठल्यातरी मॅनपॉवर एजन्सीचं. गेटवर बोर्ड एकाचा आणि पगार दुसऱ्याचा हे सगळीकडे चालतं. एजन्सीचं असेल तर तो ठेकाच समजायचा, फक्त युनिफॉर्म जरा बरा.

नॅरोगेज_कुर्डुवाडी

बापरे एवढं लिहिलंत सगळ्यांनी, खरंच आभार. रिटायर्ड काकांचं कार्डवालं वडिलांना वाचून दाखवलं. ते गप्प बसले थोडा वेळ, मग म्हणाले कोर्टाचं कोर्टापाशी, ओळख झाली की होतं काहीतरी. म्हणजे पन्नास टक्के काम झालंय. पैसे द्यायचे नाहीत एवढं मात्र घरात ठरलं, आईनेच ठरवलं.

तो सुपरवायझर आता म्हणतोय डिपॉझिट नको पण मग 'पुढचं' माझ्या हातात नाही. भाऊ म्हणतोय तीन महिने जाऊन बघतो, डबा खालून कसा असतो ते तरी कळेल. मला ते एवढं वाईट वाटत नाहीये पण ॲप्रेंटिसची जाहिरात मध्येच आली आणि हा तिकडे अडकला तर? त्याला दहावीला ७१ टक्के आणि आयटीआयला ८२ आहेत, सोलापूर क्लस्टरला फिटरचं मेरिट कुठंपर्यंत जातं काही अंदाज?

ॲप्रेंटिस२०१८

अडकायचं काही नाही, ठेकेदाराला नोटीस वगैरे कोणी देत नाही, जाहिरात आली की सोड. फक्त ओरिजिनल मार्कशीट, आयटीआयचं एनसीव्हीटी सर्टिफिकेट ठेकेदाराकडे जमा करायचं नाही, झेरॉक्स द्यायची. हे फार महत्त्वाचं आहे, काही जण ओरिजिनल ठेवून घेतात आणि मग पोरगं सोडूनही जाऊ शकत नाही.

मेरिट ट्रेडप्रमाणे, क्लस्टरप्रमाणे आणि कॅटेगरीप्रमाणे वेगवेगळं लागतं आणि दरवर्षी हलतं, त्यामुळे आकडा सांगत नाही. आरआरसीच्या साइटवर मागच्या वर्षांच्या याद्या पीडीएफमध्ये आहेत, त्यात सोलापूर, फिटर आणि तुमची कॅटेगरी बघ. कुर्डुवाडी वर्कशॉप सोलापूर क्लस्टरमध्येच येतं, लागला तर घरून डबा घेऊन जाईल. जागा तिथं कमी असतात म्हणून फॉर्म भरताना क्लस्टर विचार करून टाका, पुण्याचं पण मेरिट काढून बघा आधी. कॅटेगरी कोणती आहे? नॉन-क्रिमीलेअर काढायचं असेल तर आत्ताच तहसीलला अर्ज टाका, जाहिरात आल्यावर सेतूमध्ये लाइन लागते आणि मग शेवटच्या तारखेला धावपळ.